संगीत ठीक आहे, पण पोटापाण्याचं काय?

तबला शिकत होतो तेव्हा घरी येणारा प्रत्येक काका-मामा हा प्रश्न विचारायचा. त्यात काळजी असायची, आणि किंचित कुचकेपणाही. तेव्हा उत्तर सुचायचं नाही. आता कुणी विचारलं की मी अमेरिकन संगीतकार फिलिप ग्लासचं नाव घेतो. बहुतेकांना तो कोण ते माहीत नसतं, म्हणून ही पोस्ट.

नोव्हेंबर १९७६. न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन ऑपेराच्या रंगमंचावर ग्लासचा 'आइनस्टाइन ऑन द बीच' हा ऑपेरा, म्हणजे पाश्चात्त्य संगीतनाटक, होतो. जवळजवळ पाच तास, मध्यंतर नाही, ज्याला पाय मोकळे करायचेत त्याने बाहेर जाऊन यावं. (रात्रभराच्या मैफली ऐकलेल्यांना यात काही विशेष वाटणार नाही.) दोन्ही प्रयोग हाउसफुल्ल. हिशेब झाला तेव्हा मात्र हातात आलं भलंमोठं कर्ज, आणि गडी पुन्हा टॅक्सी चालवायला लागला! त्यानेच सांगितलेला किस्सा आहे. मागे बसलेल्या बाईंनी टॅक्सीतलं त्याचं नाव वाचलं आणि विचारलं, एका फार प्रसिद्ध संगीतकाराचं नाव हेच आहे, ठाऊक आहे का तुला?

टॅक्सीच्या आधी लोकांचं सामान हलवलं, प्लंबिंग केलं. एकदा एका घरी डिशवॉशर बसवताना घरमालकाने त्याला ओळखलं. ते होते 'टाइम' साप्ताहिकाचे कलासमीक्षक रॉबर्ट ह्यूज. ते अवाक, हा आपला नळाचं काम उरकतोय.

आपल्याकडे अशा गोष्टी डोळ्यांत पाणी आणून सांगितल्या जातात. कलावंताचे हाल, जगाने केलेली उपेक्षा वगैरे. मला ते पटत नाही. ग्लासने या कामांची ना लाज बाळगली, ना त्यांचं भांडवल केलं. त्याच्या वडिलांचं बाल्टिमोरमध्ये रेकॉर्ड्‌सचं दुकान होतं. खपत नसलेल्या रेकॉर्ड्‌स ते घरी आणून ऐकायचे, का खपत नाहीत ते कळावं म्हणून. पोराचे कान असे पडीक मालावर तयार झाले. दुकानदाराचं डोकंही तिथूनच आलं असणार. १९६८ मध्ये स्वतःचा वाद्यवृंद काढल्यावर कितीतरी वर्षं त्याने आपल्या रचना दुसऱ्या कुणाला वाजवायलाच दिल्या नाहीत. ऐकायचंय? मग आम्हालाच बोलवा, मानधन द्या.

आता आपल्या जवळचा भाग. १९६५-६६ च्या सुमारास तो पॅरिसमध्ये संगीताच्या नामवंत शिक्षिका नादिया बुलांजे यांच्याकडे शिकत होता. तिथे एका चित्रपटाच्या संगीतासाठी पंडित रविशंकर स्टुडिओतच चाली बांधायचे आणि ग्लास त्या पाश्चात्त्य वादकांसाठी लिहून काढायचा. सोबतीला तबल्यावर उस्ताद अल्लारखाँ. ग्लास कागदावरच्या पाच ओळींवर स्वर लिहून दंडरेषा, म्हणजे मात्रांचे सारखे तुकडे पाडणाऱ्या उभ्या रेषा, मारायचा, आणि वाजवून झालं की खाँसाहेब मान हलवायचे. आघात भलत्या ठिकाणी पडतोय, सगळे स्वर सारखेच आहेत! दोन-तीनदा असं झाल्यावर वैतागून त्याने सगळ्या दंडरेषा पुसून टाकल्या. मग समोर दिसले ते दोन-दोन, तीन-तीनचे गट, एकाला एक लागून चाललेले, आणि त्यांचं मिळून एक मोठं आवर्तन.

आपल्या क्लासात लहान पोरं हाताने टाळी-खाली धरून हेच शिकतात. पण हे पुसणं पुढे त्याच्या सगळ्या संगीताचा पाया झालं. न्यूयॉर्कच्या 'मिनिमलिझम'वर, म्हणजे छोटे तुकडे पुन्हा पुन्हा वाजवत हळूहळू बदलत नेणाऱ्या या संगीतशैलीवर, लेखच्या लेख येतात, त्यात माहीमच्या खाँसाहेबांना जेमतेम एखादी ओळ मिळते. याचा मला राग आहे. ग्लासने स्वतः मात्र हे ऋण कधी लपवलं नाही. १९९० मध्ये रविशंकरांबरोबर 'पॅसेजेस' हा अल्बमही केला.

४१ व्या वर्षी टॅक्सी सुटली ती 'सत्याग्रह'मुळे. गांधीजींच्या दक्षिण आफ्रिकेतल्या वर्षांवरचा हा ऑपेरा १९८० मध्ये रॉटरडॅममध्ये आला. संहिता सगळी भगवद्गीतेतली, आणि गायचं संस्कृतात. शाळेत गीतापठणाची बक्षिसं मिळवणाऱ्या मंडळींना उच्चार खटकतील, मलाही खटकले. तरी दहा मिनिटांनी मी चुका काढायचं विसरलो.

सगळंच आवडतं असं नाही. चित्रपटांसाठी त्याने ढीगभर काम केलंय, तीन ऑस्कर नामांकनं आहेत, पण सलग चार ऐकले तर कुठलं कुठे संपलं कळत नाही. पियानोच्या एट्यूड्‌स, म्हणजे सरावासाठीच्या रचना, मात्र ऐकाच. आपला हात सुधारावा म्हणून त्याने पन्नाशी उलटल्यावर त्या लिहायला घेतल्या. म्हणजे आपले पलटेच की.

आणि तबलेवाल्यांसाठी खास: १९६८ ची '१+१' शोधा. वाद्य नाहीच. टेबलाच्या फळीला मायक्रोफोन लावायचा आणि बोटांनी वाजवायचं. दोन छोटे लयीचे तुकडे, ते कसे जोडायचे ते वाजवणाऱ्याने ठरवायचं. मी जेवणाच्या टेबलावर करून पाहिलं. आई आतून ओरडली, ताटं वाढलीत, ठेका नंतर धर.