क्लासची उलटतपासणी

जार फाइल, म्हणजे जावा प्रोग्रॅमचं तयार गाठोडं, हातात, डॉक्युमेंटेशन नाही, लिहिणारा केव्हाच नोकरी सोडून गेलेला. अशा वेळी आतल्या क्लासलाच, म्हणजे कोडच्या घटकालाच, विचारावं लागतं, 'बाबा रे, तुझ्यात मेथड्स (म्हणजे तुला येणारी कामं) तरी कोणत्या आहेत?' जावामध्ये या चौकशीला रिफ्लेक्शन म्हणतात आणि १९९७ सालच्या जेडीके १.१ या जावाच्या आवृत्तीपासून ती सोय आहे.

मी आधी गेटमेथड्स या रिफ्लेक्शनच्या आज्ञेला साकडं घातलं. एखाद्याला नाव विचारावं आणि त्यानं खापरपणजोबांपासून सुरुवात करावी, तसं झालं. क्लासच्या पब्लिक (बाहेरच्यांना वापरता येणाऱ्या) मेथड्स आल्याच, शिवाय ऑब्जेक्ट या सगळ्या क्लासेसच्या मूळपुरुषाच्या ९ मेथड्स. त्यात नुसत्या वेटचे तीन अवतार: कुणी उठवेपर्यंत थांबा, अमुक मिलिसेकंद थांबा, किंवा मिलिसेकंदांवर थोडे नॅनोसेकंदही थांबा. इतकी काटेकोर वाट कोण पाहतं, देव जाणे.

मग गेटडिक्लेअर्डमेथड्स. ही प्रायव्हेट मेथड्ससुद्धा सांगते, पण बापाचं (ज्या क्लासवरून हा क्लास बेतलाय त्याचं) नाव काढत नाही. बापाच्या प्रायव्हेट मेथड्स हव्या असतील तर गेटसुपरक्लासचा जिना चढायचा. यादीला क्रमाची हमी नाही. शिवाय कंपेअरटू ही तुलना करणारी मेथड दोनदा! एक लेखकानं लिहिलेली, दुसरी जेनेरिक्सपायी (डेटाचा प्रकार मोकळा ठेवायच्या सोयीपायी) कंपायलरनं, म्हणजे कोडचं भाषांतर करणाऱ्या प्रोग्रॅमनं, गुपचूप घातलेली ब्रिज मेथड. ती इझब्रिज विचारून बाजूला काढावी लागते.

हवीशी वाटणारी मेथड शेवटी सापडली. नाव 'प्रोसेस२'. 'प्रोसेस१' कुठेच नाही. तिचं काय झालं हे विचारायची सोय जावात अजून आलेली नाही. पॅरामीटर्सची (मेथडला द्यायच्या माहितीची) नावं आर्ग०, आर्ग१, आर्ग२, तिन्ही स्ट्रिंग, म्हणजे नुसता मजकूर. जावा ८ पासून खरी नावं जपता येतात, फक्त कंपाइल करताना तसं सांगावं लागतं. तेवढे कष्ट कोण घेतो?

प्रोसेस२ प्रायव्हेट होती. सेटअ‍ॅक्सेसिबलला ट्रू दिलं की ते दार उघडतं. (मग प्रायव्हेट कशाला म्हणायचं, हा प्रश्न मी गिळला.) अंदाजानं तीन स्ट्रिंग भरल्या आणि इन्व्होक केलं, म्हणजे मेथड चालवली. इन्व्होकेशनटार्गेटएक्सेप्शन, म्हणजे चूक झाल्याची बोंब! निरोप काय म्हणून गेटमेसेज पाहिला, तर नल, म्हणजे काहीच नाही. हे एक्सेप्शन म्हणजे नुसतं वेष्टन. खरा गुन्हेगार गेटकॉजमध्ये दडलेला. तिथे नलपॉइंटर, म्हणजे जिथे काहीच नाही तिथे काम सांगितल्याची चूक. कोणत्या ओळीवर? 'अननोन सोर्स'. डीबगची (चूक शोधायला लागणारी) माहितीही कुणीतरी आधीच काढून टाकलेली.

आता तयार प्रोग्रॅममधून कोड परत काढणारा डीकंपायलर उघडलाय. कोड दिसतोय खरा. व्हेरिएबल्सची नावं आहेत व्हर१, व्हर२, व्हर३.