व्हॅट माफ झाला, आणि खुर्ची महागली

'अमुक वस्तूवरचा व्हॅट (म्हणजे मूल्यवर्धित कर, विक्रीच्या प्रत्येक टप्प्यावर लागणारा) माफ' असं ऐकलं की मी वर्षानुवर्षं खूश व्हायचो. मग एकदा कागद-पेन घेऊन हिशोब मांडला आणि त्यातली मेख कळली.

एक लाकडी खुर्ची घ्या. कर १० टक्के धरू. लाकूडवाला सुताराला १०० चं लाकूड देतो, वर १० कर घेऊन सरकारात भरतो. सुतार खुर्ची करून २५० ला दुकानदाराला विकतो, कर २५ घेतो. पण लाकडावर दिलेले १० त्यातून वजा करून तो भरतो फक्त १५. दुकानदार ४०० ला विकतो, ४० घेतो, २५ वजा करून १५ भरतो. झाले एकूण ४०. ते कुणी दिले? जो घरी नेऊन खुर्चीवर बसला, त्याने. बाकीचे तिघे हमाल. (तरी 'कर आम्ही भरतो' हा तोरा त्यांचाच!)

जुन्या उलाढाल करात ही वजावट नसायची, त्यामुळे करावर कर चढत जायचा. मोरीस लोरे या फ्रेंच कर अधिकाऱ्याने त्यावर हा तोडगा काढला आणि १९५४ मध्ये फ्रान्सने तो कायद्यात आणला. वजावट हवी तर सुताराला पक्कं बिल मागावंच लागतं, म्हणजे गिऱ्हाईकच विकणाऱ्यावर पहारा ठेवतं. शेवटच्या गिऱ्हाइकाला मात्र बिलाचा काहीच फायदा नाही, म्हणून 'बिल नको, थोडं कमी करा' हे तिथेच चालतं.

आता सुताराला करमाफी देऊन बघा. तो कर घेणार नाही, पण लाकडावरचे १० त्याला वजाही करता येणार नाहीत. ते तो किमतीत घालणार. खुर्ची २६० ची झाली. दुकानदाराकडे वजा करायला काही उरलं नाही. त्याने आपले नेहमीचे १५० चढवले की ४१०, वर कर ४१. आधी ४४० ला मिळणारी खुर्ची आता ४५१ ला. सरकारला ४० च्या जागी ५१. याला म्हणायचं माफी!

खरी सूट म्हणजे शून्य दर. विक्रीवर कर नाही आणि खरेदीवर भरलेला करही परत. निर्यातदारांना बहुतेक देश हीच सवलत देतात. दवाखाने, बँका, विमा यांच्या वाट्याला मात्र बऱ्याच देशांत नुसती माफी येते. दवाखान्याने यंत्रावर भरलेला कर त्याच्याच अंगावर पडतो आणि बिलावर कर 'शून्य' छापूनही आपल्याकडून वसूल होतो.

म्हणून मला न्यूझीलंड पटतं. १९८६ मध्ये त्यांनी हा कर आणला तेव्हा जवळजवळ सगळ्यालाच एक दर लावला, माफीची यादी तोकडी ठेवली, आणि सोबत आयकर कमी करून कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना थेट मदत दिली. दर तेव्हा १० टक्के होता, आता १५ आहे. यादी अजूनही तोकडीच आहे.