बटाट्यातला व्हायरस ताकाने जात नाही

दादरपासून डोंबिवलीपर्यंतच्या घरगुती ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: आत काळा निघालेला बटाटा व्हायरसचा, खाल्लात तर आजारी पडाल, पानं वळली की समजा व्हायरस, ताक-हळद फवारा, आठ दिवसांत पीक बरं, आणि मोठे बटाटे विका, बारके बेण्याला, म्हणजे पुढच्या लागवडीला, ठेवा. मुंबईकर तो वाचून पुणे जिल्ह्यात मंचरला शेती करणाऱ्या चुलतभावाला पाठवतात, म्हणून हे लिहिणं आलं.

खाण्याचं आधी संपवू. बटाट्याचे विषाणू माणसाला लागत नाहीत. आतला काळेपणा बरेचदा साठवणीत हवा कोंडल्याने येतो. तेवढा भाग कापून टाका, वडे खुशाल करा. टाळायचा तो हिरवा पडलेला बटाटा, आणि त्याचा व्हायरसशी संबंध नाही.

पानं उन्हाने, पाण्याच्या ताणानेही वळतात. पानं वळवणारा पानमोड विषाणू बेण्यातूनच आला असेल तर आधी खालची पानं वर वळतात, कडक होतात, हाताळली की कुरकुरतात. मोझॅक या दुसऱ्या विषाणूरोगात पानावर फिकट-गडद हिरवे चट्टे दिसतात, पान सुरकुततं. पाणी धरल्यासारखे डाग आणि पानाखाली पांढरी बुरशी दिसली तर तो करपा. त्याला बुरशीनाशक चालतं, विषाणूला नाही.

फवारणीने विषाणू लागलेलं झाड बरं होत नाही. ताकाने नाही, महागड्या बाटलीनेही नाही. कीटकनाशकाने मरतो तो मावा, म्हणजे पानांतला रस शोषताना विषाणू पसरवणारी बारीक कीड, आणि तिथेही भेद आहे. पानमोड विषाणू उचलून पुढे द्यायला माव्याला काही तास लागतात, त्यामुळे फवारणीचा उपयोग होतो. मोझॅक करणारा वाय विषाणू मात्र मावा काही सेकंदांत टोचून मोकळा होतो. औषध लागू पडेपर्यंत काम झालेलं असतं. मोझॅकच्याच एक्स विषाणूला तर मावाही लागत नाही, बेणं कापायचा विळा पुरतो.

खरा घात शेवटच्या सल्ल्यात आहे. विषाणू लागलेल्या झाडाला बटाटे लहान धरतात. ढिगातले बारके वेचून बेण्याला ठेवले की नेमकी रोगी झाडंच निवडली जातात, आणि दरवर्षी उतारा घटत जातो. लहान बेणं वाईट नसतं. पण ते निरोगी झाडाचं हवं, आणि ढिगात पडल्यावर झाड कुठलं ते कळत नाही. मंचरच्या बाजारात पंजाबचं बेणं येतं ते उगीच नाही. उत्तरेच्या मैदानात मावा कमी असतो त्या थंडीच्या दिवसांत बियाण्याचं पीक घेतात आणि 100 पानांवर मावा 20 च्या आसपास पोचायच्या आत पाला कापून टाकतात. सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने बसवलेली ही पद्धत आहे.

घरचंच बेणं ठेवायचं असेल तर पीक उभं असताना निरोगी झाडांना खुणेच्या काठ्या लावा आणि त्यांचेच बटाटे वेगळे काढा. रोगट झाड दिसलं की मुळासकट, खालच्या बटाट्यांसकट उपटा. बेणं कापताना विळा अधूनमधून निर्जंतुक करा. चुलतभावाला फॉरवर्ड करायचंच असेल तर एवढं करा.