कानपूरची विमानं १९८६ सालीही प्रवासी नेत होती

पुण्यात तळजाई टेकडीवर सकाळी फिरायला येणाऱ्या आमच्या मंडळींत सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं असं: १२ एप्रिल २०२२ रोजी आसामच्या दिब्रुगडहून अरुणाचलच्या पासीघाटला गेलेलं डॉर्नियर हे प्रवासी घेऊन उडालेलं पहिलं भारतीय बनावटीचं विमान, त्याआधी ईशान्येचा विचार कुणी केलाच नव्हता, आणि ‘वायुदूत’ नावाची जी काही विमान कंपनी होती, ती अपघातांमुळे बंद पडली. पाठवणाऱ्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण यातली तिन्ही विधानं चुकीची आहेत.

आधी ‘पहिलं’ हा शब्द घेऊ. हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या कानपूरच्या कारखान्यात ब्रिटिश परवान्यावर अ‍ॅव्रो विमानं बनत. १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून इंडियन एअरलाइन्सने ती प्रवासी वाहतुकीला वापरली. मग त्याच कानपुरात जर्मन परवान्यावर डॉर्नियर २२८ बनू लागलं आणि १९८६मध्ये ते वायुदूतच्या ताफ्यात आलं. पासीघाटला उतरलेलं विमान त्याच वंशातलं, नव्या कॉकपिटचं. त्याचं कौतुक मलाही आहे, पण ज्यांनी पस्तीसेक वर्षं आधी हेच काम केलं त्या कामगारांचं आणि वैमानिकांचं नाव त्यासाठी का पुसायचं?

ईशान्येचं म्हणाल, तर वायुदूतचा जन्मच त्या भागासाठी झाला. जानेवारी १९८१मध्ये एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स यांनी मिळून ती काढली, ती तिथल्या दुर्गम भागाला जोडण्यासाठी. पुढे तिचा पसारा देशभर वाढला आणि आपल्या लोहगाव विमानतळावरूनही तिची विमानं सुटू लागली.

राहिले अपघात. ते झाले, आणि भीषण झाले. १९ ऑक्टोबर १९८८ला गुवाहाटीजवळ फोकर विमान कोसळून ३४ माणसं गेली. २३ सप्टेंबर १९८९ला पुण्याहून हैदराबादला निघालेलं डॉर्नियर इंदापूरजवळ कोसळलं. ११ जण गेले. आपल्याच जिल्ह्यातली ही घटना आज पुण्यात फारशी कुणाला आठवत नाही, याचं मला वाईट वाटतं. पण त्यानंतरही वायुदूत उडत राहिली. १९९३मध्ये ती इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाली, ती तोट्यामुळे. एकोणीस आसनांचं विमान भरून गेलं तरी वैमानिक, इंधन, देखभाल हा सगळा खर्च एकोणीस तिकिटांतूनच काढायचा असतो. आणि आडगावांच्या मार्गांवर विमान रोज भरत नाही. तिकीट महाग केलं तर माणसं पुन्हा एसटीकडे वळतात. म्हणूनच छोट्या शहरांना विमानानं जोडण्यासाठी २०१६मध्ये आलेल्या उडान योजनेत काही आसनांचं भाडं बांधून दिलंय आणि कंपनीची तूट सरकार भरून देतं.

मेसेजमध्ये ‘पहिलं’च्या जागी ‘बऱ्याच वर्षांनी पुन्हा’ असं घाला आणि ईशान्येचं व वायुदूतचं वाक्य दुरुस्त करा. मग मी स्वतः तो सगळ्यांना पाठवीन.