‘पास आउट’वरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. ‘कॉलेजमधून पास आउट झालो’ हा वापर चुकीचा नाही, असं मी माझ्या लेखात म्हटलं होतं. त्यावर ‘पास आउट म्हणजे बेशुद्ध पडणे, पदवी घेणे नव्हे. मुलांना चुकीचं शिकवण्याआधी डिक्शनरी उघडत चला,’ असं तुम्ही लिहिलंत. लेख लांबलाय, उदाहरणं कमी आहेत, हेही लिहिलंत. ते असो. मी डिक्शनरीच्या वाक्यावरच बोलणार आहे.

एक मान्य. नोकरीच्या अर्जात ‘ग्रॅज्युएटेड’च लिहावं, हे मी सांगायला हवं होतं. अमेरिकेतला माणूस ‘पास्ड आउट’ वाचून बेशुद्धीच समजेल.

पण डिक्शनरी? ठाण्यात नौपाड्यात मी 22 वर्षं इंग्रजीचे क्लास घेतोय. माझी ऑक्सफर्डची प्रत पुठ्ठा सुटला म्हणून दोनदा बांधून घेतलीय. बेशुद्ध पडणे हा अर्थ तिच्यात आहेच. पण ब्रिटिश वापर म्हणून दुसराही आहे: लष्करी प्रशिक्षण पुरं करून बाहेर पडणे. खडकवासल्याला एनडीएची, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची, पासिंग आउट परेड होते, कॅडेट ‘अंतिम पग’ म्हणजे शेवटचं पाऊल ओलांडतात, तो हाच अर्थ. कॉलेजसाठीचा आपल्याकडचा वापर मला त्याचाच विस्तार वाटतो. पुढे ‘फ्रॉम’ आणि कॉलेजचं नाव आलं, की घोटाळा उरत नाही. वर्गात पेपर ‘पास आउट’ केले तर अर्थ होतो वाटले, कारण तिथे सोबत कर्म असतं. चक्कर येण्याच्या अर्थाला कर्म लागतच नाही. ‘पास आउट’सारख्या जोडक्रियापदाचा, म्हणजे फ्रेजल व्हर्बचा, अर्थ असा शेजारच्या शब्दांवरून ठरतो, यावर लेखात दोन परिच्छेद आहेत. तुम्ही तिथवर वाचलेलं दिसत नाही.

मी मराठी शाळेत शिकलो. 1998 साली वाशीला एका मुलाखतीत ‘आय पास्ड आउट लास्ट इयर’ म्हणालो. समोरच्या साहेबांनी विचारलं, ‘मग शुद्धीवर कधी आलात?’ शेजारचे दोघं हसले. ठाण्याला परत येताना बसमध्ये मी मान वर केली नाही. घरी आल्यावर शेजाऱ्यांकडून डिक्शनरी मागून आणली आणि ती नोंद शोधली. त्या दिवसापासून मी डिक्शनरी उघडतोय.

माझ्याकडे कळव्याची, वागळे इस्टेटची मुलं येतात. त्यांना कुणी असं हसू नये आणि हसलंच तर त्यांच्याकडे उत्तर असावं, म्हणून तो लेख लिहिला. तुमच्या वाक्यात मला तेच साहेब दिसले.

चूक दाखवा, जरूर दाखवा. ‘उघडत चला’ ही भाषा माझ्याशी नको.