फुटबॉलच्या दावणीला बांधलेले बाकीचे खेळ

अमेरिकेतल्या विद्यापीठीय खेळांत गेल्या काही वर्षांत जी उलथापालथ झाली, तिचे खापर बहुतेक जण लोभावर फोडून मोकळे होतात. लोभ आहेच, त्याबद्दल वाद नाही. परंतु लोभी माणसे १९५० सालीही होती आणि तेव्हा लॉस एंजेलिसच्या जलतरणपटूंना साध्या स्पर्धेसाठी न्यू जर्सी गाठावे लागत नव्हते. माझ्या मते खरी गाठ एका जुन्या व्यवस्थेत आहे: विद्यापीठाचा फुटबॉल (म्हणजे अमेरिकन फुटबॉल) संघ ज्या कॉन्फरन्समध्ये, म्हणजे विद्यापीठांच्या गटात, जाईल, तिथेच त्याच्या जवळजवळ सगळ्या खेळांनी मुकाट्याने जायचे. ही गाठ सोडवली नाही, तर लहान विद्यापीठांची फरफट थांबणार नाही.

कॉन्फरन्स म्हणजे काय, हे आपल्याकडच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. आपल्याकडे आंतरविद्यापीठ स्पर्धा पश्चिम, दक्षिण अशा विभागांत होतात आणि विभाग भूगोल ठरवतो. तिकडे विद्यापीठे आपापले गट स्वतः बांधतात. हे गट पूर्वी शेजाराने बांधले जात. १९८४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ओक्लाहोमा विद्यापीठाच्या खटल्यात फुटबॉल सामन्यांच्या दूरचित्रवाणी प्रक्षेपणावरील एनसीएए या मध्यवर्ती संस्थेची पकड मोडून काढली. हक्क विद्यापीठांच्या आणि कॉन्फरन्सच्या हाती आले, आणि हळूहळू शेजाऱ्यापेक्षा वाहिनीला कोण हवे आहे याला महत्त्व आले. त्या निकालाशी असहमती नोंदवणाऱ्या दोन न्यायाधीशांपैकी बायरन व्हाइट हे स्वतः एकेकाळचे नामवंत फुटबॉलपटू होते, हा योगायोग मला नेहमीच बोलका वाटत आला आहे.

याचे टोक पॅक-१२ या पश्चिम किनाऱ्यावरच्या कॉन्फरन्सच्या बाबतीत दिसले. १९१५ मध्ये पॅसिफिक किनाऱ्यावर सुरू झालेल्या या परंपरेतून ३० जून २०२२ रोजी लॉस एंजेलिसच्या यूएससी आणि यूसीएलए या विद्यापीठांनी पार न्यू जर्सीपर्यंत पसरलेल्या बिग टेन या कॉन्फरन्समध्ये जाण्याची घोषणा केली. बिग टेनने त्याच उन्हाळ्यात फॉक्स, सीबीएस आणि एनबीसी या वाहिन्यांशी सात वर्षांसाठी ७ अब्ज डॉलरहून मोठा करार केला. पुढच्या वर्षी कोलोरॅडो गेले, ४ ऑगस्ट २०२३ या एकाच दिवशी पाच विद्यापीठांनी पाठ फिरवली, आणि १ सप्टेंबरला स्टॅनफर्ड व कॅलिफोर्निया यांनी थेट अटलांटिक किनाऱ्याच्या एसीसीत जागा मिळवली. मागे उरली ती कोरव्हॅलिस गावातली ओरेगॉन स्टेट आणि पुलमनची वॉशिंग्टन स्टेट. ओरेगॉन स्टेट तर मूळ चार संस्थापकांपैकी एक. सुमारे १६ कोटी डॉलर खर्चून नूतनीकरण केलेल्या त्यांच्या स्टेडियमचे दरवाजे त्याच सप्टेंबरमध्ये उघडले, आणि तोवर ज्या लीगच्या भरवशावर तो खर्च केला, तीच मोडीत निघाली होती.

वॉशिंग्टन स्टेट ज्या पुलमनमध्ये आहे, त्या गावात मी शिकलो, त्यामुळे माझे मत तटस्थ आहे असा दावा मी करणार नाही. चहूकडे गव्हाच्या टेकड्या, सिएटल साडेचारशे किलोमीटरवर, आणि विद्यापीठाच्या दुग्धशाळेत डब्यात भरून विकले जाणारे चीज हेच काय ते गावाचे वैभव. पण निष्ठा म्हणाल तर ईएसपीएन या क्रीडावाहिनीचा शनिवारचा फुटबॉल कार्यक्रम देशात कुठेही भरो, निवेदकांच्या मागे २००३ पासून या विद्यापीठाचा झेंडा फडकतच असतो. माजी विद्यार्थी तो गावोगाव पाठवतात आणि त्या त्या ठिकाणचे कुणीतरी पहाटे उठून तो धरून उभे राहते. दूरचित्रवाणीच्या हिशेबात या निष्ठेला किंमत नाही, कारण हिशेब होतो तो शहराच्या लोकसंख्येचा आणि प्रेक्षकसंख्येचा.

आता हा फटका नेमका कुणाला बसला ते पाहा. फुटबॉलच्या प्रशिक्षकाला दुसरीकडे नोकरी मिळते. वॉशिंग्टन स्टेटचे जेक डिकर्ट वेक फॉरेस्ट विद्यापीठात गेले. क्वार्टरबॅक, म्हणजे संघाची चढाई चालवणारा, कॅम वॉर्ड मायामी विद्यापीठात गेला आणि एनएफएल या व्यावसायिक लीगच्या २०२५ च्या निवडीत पहिला निवडला गेला. त्यांचे काही बिघडले नाही. बिघडले ते मैदानी खेळांतल्या मुलामुलींचे. जून २०२५ मध्ये वॉशिंग्टन स्टेटने उड्या आणि फेकीच्या स्पर्धा बंद केल्या, कमी अंतराच्या आणि अडथळ्यांच्या शर्यतींनाही कात्री लावली आणि मुख्य भर लांब पल्ल्याच्या धावण्यावर ठेवला. याच विद्यापीठाचा विद्यार्थी असताना केनियाच्या हेन्री रोनो यांनी १९७८ मध्ये ८१ दिवसांत चार विश्वविक्रम केले होते. त्या वारशामुळे धावणे वाचले असे कुणी म्हणेल. मला मात्र गोळाफेक करणाऱ्या एकोणीस वर्षांच्या मुलीने आता काय करायचे, हे कुणीतरी सांगावेसे वाटते. प्रक्षेपणाच्या वाटाघाटीत तिचा काय संबंध होता?

पुलमनहून अवघ्या तेरा किलोमीटरवर, राज्याची सीमा ओलांडली की मॉस्को नावाचे गाव लागते. तिथले आयडाहो विद्यापीठ एकेकाळी याच किनारी परंपरेत होते. १९५९ मध्ये जुनी कॉन्फरन्स विसर्जित झाली तेव्हा नव्या मांडणीत त्याला जागा मिळाली नाही. पुढे ते या दारातून त्या दारात जात राहिले आणि २०१८ मध्ये फुटबॉलच्या वरच्या श्रेणीतून स्वतः खाली उतरले. तेव्हा पुलमनमध्ये कुणाला त्याचे फारसे सोयरसुतक नव्हते, हेही नमूद केले पाहिजे.

आणि ज्यांच्यावर अन्याय झाला, त्या ओरेगॉन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट यांनी पुढे काय केले? न्यायालयात जाऊन पॅक-१२ चा ताबा आणि तिजोरी मिळवली, हे योग्यच झाले. २०२४ च्या हंगामात सामने मिळावेत म्हणून त्यांनी माउंटन वेस्ट या लहान कॉन्फरन्सशी करार केला. त्यात आमचे सदस्य फोडलेत तर प्रत्येकामागे दंड भरावा लागेल, असे कलम होते. त्याच सप्टेंबरमध्ये बॉइसी स्टेट, सॅन डिएगो स्टेट, फ्रेस्नो स्टेट, कोलोरॅडो स्टेट आणि युटा स्टेट असे पाच सदस्य पॅक-१२ ने उचलले. दंडाची रक्कम साडेपाच कोटी डॉलर झाली, तेव्हा हे कलमच बेकायदेशीर आहे म्हणून पॅक-१२ न्यायालयात गेली. बुडत्याने दुसऱ्याच्या खांद्यावर पाय द्यावा, तसा हा प्रकार. माणसे वाईट आहेत असे मी म्हणत नाही. या रचनेत दुसरा कोणताच मार्ग उरत नाही.

म्हणून माझी सूचना साधी आहे, आणि ती मांडणारा मी पहिला नाही. फुटबॉलला वेगळे काढा. त्याची राष्ट्रीय लीग करायची असेल तर खुशाल करा; बाकीच्या खेळांना मात्र बसने जाता येईल अशा अंतरावरचे प्रतिस्पर्धी द्या. त्यावर नेहमीचा आक्षेप असा की, फुटबॉलच्या पैशावरच बाकीचे खेळ जगतात, तेव्हा तो वेगळा काढला तर ते उपाशी मरतील. पण पैसा विद्यापीठाच्या खात्यात येतो, कॉन्फरन्स कोणतीही असो, आणि देश ओलांडणाऱ्या विमानप्रवासाचा खर्च वाचला तर तो बाकीच्या खेळांनाच पुरेल. २०२५ पासून खेळाडूंना थेट मोबदला देण्याची मुभा मिळाली आहे आणि पहिल्या वर्षाची कमाल मर्यादा प्रत्येक विद्यापीठामागे सुमारे दोन कोटी डॉलर होती. अशा वेळी ही बचत किरकोळ म्हणता येणार नाही.

हे अशक्य आहे असे म्हणणाऱ्यांनी नोत्र दामकडे पाहावे. त्यांचा फुटबॉल संघ कोणत्याही कॉन्फरन्सचा पूर्ण सदस्य नाही, आणि बाकीचे बहुतेक खेळ २०१३ पासून एसीसीत आहेत. कुणाचेही आभाळ कोसळले नाही. नावाच्या वलयामुळे नोत्र दामला जी सवलत मागता क्षणी मिळाली, ती पुलमनच्या आणि कोरव्हॅलिसच्या मुलांना नियम म्हणून का मिळू नये, याचे उत्तर कॉन्फरन्सच्या आयुक्तांनी द्यायला हवे.