तेराव्या वर्षी कसलं टॅलेंट बघता?

रविवारी सकाळी नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानाजवळ चहा घेत बसलो होतो. पक्या आला तो तोंड पाडूनच. त्याचा भाचा शाळेच्या चौदा वर्षांखालच्या कबड्डी संघातून गळला. सर म्हणाले, "पोरगा मेहनती आहे, पण अंगात खेळ नाही."

"सरांचं बरोबर आहे," बाळू म्हणाला. हा कॉलेजच्या संघातून तीन वर्षं खेळलेला. "चपळाई उपजत असते. मी रोज दोनशे जोर मारायचो, आमच्यातला एक जण प्रॅक्टिसला दांडी मारून यायचा आणि मला लोळवायचा."

"तो आता कुठे खेळतो?"

"सेकंड इयरलाच सोडलं त्यानं."

विनूने लगेच धावपटू कविता राऊतचं नाव काढलं. हरसूलकडच्या सावरपाड्याची मुलगी, 2010 मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरला ब्राँझ, त्याच वर्षी ग्वांगझूच्या एशियाडमध्ये रौप्य. "ही मेहनतच ना?" बाळू म्हणाला, "मेहनत तर पाड्यावरची प्रत्येक बाई करते. मग सगळ्या का नाही धावल्या?"

मला हे पटलं नाही. पाड्यावरच्या बाकीच्यांना धावायला लावून बघितलंय कोणी? कवितालाही विजेंदर सिंग यांच्यासारखा प्रशिक्षक भेटला, म्हणून ती पुढे गेली. आपल्या चांदवडचा दत्तू भोकनळ घ्या. तळेगाव रोहीसारख्या दुष्काळी गावात वडिलांबरोबर विहिरी खोदणारा पोरगा. वल्हं हातात आलं ते सैन्यात गेल्यावर, विशी उलटल्यावर. 2016 ला रिओ ऑलिंपिकमध्ये तेरावा आला. 2018 च्या जकार्ता एशियाडमध्ये एकेरीत तब्येतीनं दगा दिला, दुसऱ्याच दिवशी चौघांच्या नावेत सुवर्ण. तेराव्या वर्षी त्याच्यात नौकानयन कोणाला दिसलं असतं? तळेगावात नाव तरी होती का?

उपजत काहीच नसतं, असं मी म्हणत नाही. दत्तूची उंची उपजतच. पण निवडीच्या दिवशी सरांना बहुतेक वेळा दिसतं ते आधी वाढलेलं अंग. कॅनडातल्या ज्युनियर आइस हॉकीत वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत जन्मलेलीच मुलं जास्त भरतात, हे 1980 च्या दशकातच संशोधकांनी दाखवलंय. गट एकच, पण जानेवारीतला पोरगा डिसेंबरातल्यापेक्षा जवळजवळ वर्षानं मोठा. मग तो निवडला जातो, त्यालाच प्रशिक्षण, त्यालाच सामने, आणि दोन वर्षांनी फरक खरोखरच पडलेला असतो.

पक्यानं मोबाइलवर निवडीच्या दिवशीचा फोटो दाखवला. भाच्याची जर्सी गुडघ्यापर्यंत आलेली. शेजारच्या पोराला मिसरूड फुटलेली.

बाळू फोटो मोठा करून बराच वेळ बघत राहिला.

"कधीचा जन्म याचा?"

"नोव्हेंबरचा."

"पाय बघ कसे टाकलेत, पंजांवर उभाय," तो म्हणाला. "संध्याकाळी मैदानावर आण त्याला. मला बघू दे."